दहाव्याला फोडलेलं पाकीट

साडेअकरा वाजून गेले तरी कावळा शिवत नव्हता.

कावळे नव्हते असं नाही. धरणाच्या पाण्याकाठी जांभळीवर चांगले सात-आठ बसले होते. खाली पिंड होता, भात होता, अमृतला आवडायचा म्हणून भोरच्या स्टँडवरचा वडापावही होता. कावळे मान वाकडी करून बघायचे आणि पुन्हा पंखात चोच घालायचे. हिर्डोशीची निम्मी माणसं उन्हात उभी होती.

चोवीस वर्षांचा धडधाकट पोरगा दहा दिवसांपूर्वी मोटारसायकल घसरून गेला, यावर अजून कुणाचाच विश्वास बसत नव्हता. माणसं बोलता बोलता मधेच थांबायची.

वडलांनी, हनुमंततात्यांनी, हात जोडले. "नूतनचं लगीन थाटात करू, बाळा." कावळा हलला नाही. धाकटी बहीण नूतन म्हणाली, "दादा, आईला मी सांभाळीन." तरी नाही. मग सावळाराममामा पुढं झाले. भाच्याला पत्त्यांचा नाद होता एवढंच त्यांना माहीत, आणि मामांच्या लेखी पत्ते म्हणजे तीन पानी. "घरात पुन्यांदा कुनी पत्त्याला हात लावनार न्हाई," त्यांनी ठणकावलं. त्यावर दोन कावळे उडूनच गेले.

"मामा, ते जुगाराचे पत्ते न्हाईत," अजित हळूच म्हणाला.

अजित हा अमृतचा जिवाभावाचा दोस्त. त्या दिवशी गाडीवर दोघंच होते. त्याच्या कोपराला अजून पट्टी होती. 'रणगड' नावाचा हा कार्डांचा खेळ दोघं शाळेपासून खेळायचे. किल्ले, सरदार, घोडी. पाकीट बंद मिळतं, आत कुठलं कार्ड निघेल ते आपलं नशीब. दरवर्षी नव्या कार्डांचा सेट निघतो. यंदाच्या सेटचं नाव होतं 'घाटवाटा', आणि तो खास आपल्यासाठीच काढलाय असं दोघांचं ठाम मत होतं. तीन महिने आधीच त्यांनी कापूरहोळच्या दुकानात नाव नोंदवलं होतं. सेट आला त्याच दिवशी ते आणायला गेले, आणि परतताना भोर ओलांडल्यावर वळणाला गाडी घसरली.

अजितनं पोलिसांना सांगितलं तेच गावाला सांगितलं. अमृतला घरापर्यंत दम निघाला नाही. एक पाकीट त्यानं चालत्या गाडीवर फोडलं. एक हात हँडलला, एका हातात कार्डं. सापडला तेव्हाही कार्डं मुठीत तशीच होती. गावानं कानाला हात लावले. हनुमंततात्या त्या दिवसापासून मान वर करून कुणाशी बोलले नव्हते.

पोराची बाजू घ्यायची ती एकटी आई, गीताबाई. "गाडीवं एकच हेल्मेट व्हतं. ते त्यानं अजितच्या डोक्यात घातलं. असं कोन करतं सांगा?"

गुरुजींनी उन्हाकडं बघितलं. "बारा वाजता दर्भाचा कावळा करू. शास्त्रात सोय आहे."

"न्हाई," गीताबाई म्हणाली. "माझं लेकरू उपाशी जानार न्हाई. अजिता, तुला ठावं आसंल. काय राह्यलंय रं त्याचं?"

अजितनं कोपराची पट्टी चाचपली. "नवा सेट, काकी. डबा माझ्याकडं हाय. उरलेली पाकिटं तशीच हायेत."

"मग आन की बाबा. वाट कसली बघतूस?"

तो घरी पळाला आणि डबा घेऊन आला. पाकीट एकानं फोडायचं आणि कार्डं दुसऱ्यानं उलटायची, असा दोघांचा नेम होता. आज उलटायला नूतन बसली. चार कार्डं साधीच निघाली. पाचवं उलटलं तशी सोनेरी कड चमकली. 'घाटातली चौकी'. याच कार्डासाठी अमृतनं तीन महिने घरच्यांचं डोकं खाल्लं होतं. सावळाराममामासुद्धा वाकून बघायला लागले.

नूतननं कार्ड पिंडाला टेकवून ठेवलं. एक कावळा दोन फांद्या खाली आला आणि तिथंच थांबला.

मग मात्र सगळ्यांचा धीर सुटला. गीताबाई मातीतच बसली. "माझ्यावं चिडलाय त्यो," ती म्हणाली. "म्याच म्हनलं व्हतं, काय ती पोरखेळाची कार्डं घिऊन बसतूस. जाताना माझ्याशी बोलला बी न्हाई."

अजितला ते ऐकवेना. तो पुढं झाला, गुडघ्यांवर बसला, कपाळ जवळजवळ पिंडाला टेकेल इतका वाकला. त्याचे ओठ हलले. काय बोलला ते कुणालाच ऐकू आलं नाही.

त्याला उठायलाही सवड मिळाली नाही. कावळा त्याच्या खांद्यावरून खाली उतरला आणि पिंडाचा घास घेऊन उडाला.

बायका रडायला लागल्या, माणसांनी सुटकेचा श्वास सोडला. गुरुजींनी पाणी सोडलं. गीताबाईनं अजितचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"काय म्हनलास रं त्याला?"

अजितनं एकदा नूतनकडं बघितलं, एकदा जमलेल्या गावाकडं.

"तुझी कार्डं जल्मभर जपीन म्हनलं, काकी."

हनुमंततात्या जवळ आले. मान खालीच होती. "अजिता, माझ्या पोरामुळं तुझा बी जीव गेला आसता. त्याला माफ कर बाबा."

"केलं, तात्या," अजित म्हणाला.

पिंडापुढं वाकून तो म्हणाला होता, "अमृत्या, गाडी मी चालवत व्हतो, तू मागं बसला व्हतास. आत्ता हितंच उठून सगळ्यांना सांगतो. तू खाली ये."