कॅमेऱ्याच्या मागे

"आज तुलेच समोर बसवतो. सांगतो साऱ्याले, हे हिनं केलं," असं हेमेंद्र सकाळीच म्हणाला होता, म्हणून दुर्गेश्वरी नवी कुर्ती घालून, त्याने समोर बोलावेपर्यंत, कॅमेऱ्यामागे बसली होती. कंपनीतली नोकरी नवऱ्याची, पण या कामातलं डोकं तिचं. नेटवर्कवरून आलेला डेटा आधी मेमरीत उतरायचा आणि प्रोसेसर तो तिथून आणायचा. हा हेलपाटा तिने बंद केला होता. आता डेटा थेट प्रोसेसरच्या हाताशी असलेल्या छोट्या, वेगवान साठ्यात, म्हणजे कॅशमध्ये पडत होता.

देवरीच्या घरातल्या खोलीत ऑनलाइन मीटिंग रंगली. हेमेंद्र प्रत्येक वाक्यात "मी केलं, मी केलं" म्हणत होता. ती वाट पाहत राहिली.

स्क्रीनवरून कंपनीच्या साहेबांनी विचारलं, "कॅश तर इवलीशी. डेटा धो धो आला, तर प्रोसेसरचं चालू काम बाहेर नाही ढकललं जाणार?"

हेमेंद्र अडखळला. त्याची फजिती तिला बघवेना. ती हळूच म्हणाली, "येणाऱ्याले एक कोपराच द्या. बाकी कॅशमध्ये शिरूच देऊ नका."

त्याने तेच, आपलं म्हणून, ठणकावून सांगितलं.

"वा! पण मागून कोणी बोललं का?"

"मिसेस आहे सर. चहाचं विचारून राहिली."

सगळे हसले. हेमेंद्रही हसला.

"बरं, तो कोपरा केवढा ठेवायचा, हे कसं ठरवलं?"

हेमेंद्रने स्क्रीनवरून नजर उचलून तिच्याकडे पाहिलं.

दुर्गेश्वरी उठली आणि खरंच चहा मांडायला गेली.