चार बोटं

होडीवाल्यांच्या सभेत माझा धाकटा भाऊ अध्यक्ष होता. यापुढे जाळ्याचं भोक चार बोटं रुंद हवं, म्हणजे माशांची पिल्लं निसटतील, हा ठराव त्यानेच मांडला. "समुद्र रिकामा होत चाललाय. नातवंडांसाठी काही ठेवाल की नाही?" त्याने विचारलं, आणि टाळ्या थांबेचनात.

दुसऱ्या दिवशी सकाळीच स्वारी नवं जाळं सांगायला माझ्या दारात हजर. बंदरावरची सगळी जाळी मीच विणते. माप घ्यायला मी त्याचा हात धरला, तर त्याने तो सोडवून घेतला आणि पाच वर्षांच्या नातीला पुढे केलं.

"ताई, हिची चार बोटं मोज."

"अरे, लाज वाटते का?"

"बोटं कुणाची, ते ठरावात कुठे लिहिलंय?"

"आणि ही मोठी होऊन पकडणार काय? खेकड्यांच्या नांग्या?"

"ते तेव्हाचं तेव्हा बघू. तू मोज लवकर, चुळबुळ करतेय ती."

पोरीने मोठ्या कौतुकाने हात पसरला.

दुपारपर्यंत माझ्या अंगणात आजोबांची रांग लागली. शेवटचा तर दुपट्यात गुंडाळलेलं तान्हं घेऊन आला होता.