सहावी क्लिप

“परत खडखडतंय,” बाई गाडीतून उतरता उतरता म्हणाल्या.

“बघू,” म्हणत नाजूकरावांनी हात पुसले. खरं तर हात स्वच्छच होते. सकाळपासून दुकानात कुणी फिरकलंच नव्हतं.

नाजूकराव हे नाव गल्लीने ठेवलेलं. गाड्यांचे स्टिरिओ काढायचे नि बसवायचे, हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. इतर लोक स्टिरिओभोवतीची फ्रेम स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटत. नाजूकराव प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीला मऊ फडकं गुंडाळत, खालच्या कोपऱ्यातून ती अलगद सरकवत आणि एकेक क्लिप सोडवत. शेजारचा टायरवाला म्हणायचा, “फ्रेम काढताय की झोपलेल्या बाळाचं झबलं?” म्हणेना का. तीस वर्षांत त्यांच्या हातून एकाही डॅशबोर्डवर ओरखडा उठला नव्हता.

बाई पहिल्यांदा आल्या त्या चार महिन्यांपूर्वी. वाचनालयात नोकरी, घरी एकट्याच. गाडीतला जुना स्टिरिओ मुका झाला होता.

“नवा बसवा, पण ओरखडा चालायचा नाही. माझ्या पगारातून घेतलीय गाडी,” त्यांनी बजावलं होतं. “आणि आजच बसवा. रेडिओ नसला की गाडीत कुणीच नाही असं वाटत राहतं.”

नाजूकरावांना ते पटकन कळलं. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगी रविवारी फोन करायची. उरलेले सहा दिवस दुकानात बोलणारे म्हणजे भिंतीवर मांडलेले विकायचे स्टिरिओ. संध्याकाळी ते एकेक बंद करताना त्यांच्या जिवावर यायचं.

त्या पहिल्या दिवशी फ्रेमच्या सहा क्लिपांपैकी एक तुटली. जुनं प्लॅस्टिक, दोष कुणाचाच नाही. तशी दुसरी क्लिप डब्यात नव्हती. “पाचांवर राहील. आवाज आलाच तर या,” ते म्हणाले.

आवाज आला आणि दोन आठवड्यांनी बाईही आल्या. तोवर नाजूकरावांनी तशीच काळी क्लिप मिळवून शर्टाच्या खिशात ठेवली होती. पण फ्रेम उघडली तोच चहा आला. चहाबरोबर बाईंच्या गप्पांत वाचनालयातले ते आजोबा निघाले, जे प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायचे आणि आवडलं नाही तर पुस्तक तिथेच परत करायचे. नाजूकराव पोट धरून हसले. शेवटचं असं कधी हसलो होतो, ते त्यांना आठवेना. फ्रेम परत लावताना त्यांचा हात खिशाकडे गेला आणि रिकामाच परत आला.

तेव्हापासून आजची ही चौथी फेरी. दर वेळी ते फ्रेम उघडायचे, आत डोकावून गंभीर चेहरा करायचे आणि पाच क्लिपांवर बंद करायचे. पैसे घेत नसत. “कामाची हमी आहे,” म्हणायचे.

पण या आठवड्यात त्यांना स्वतःची लाज वाटू लागली होती. बिचारी बाई सुट्टी मोडून, शहराच्या दुसऱ्या टोकाहून पाऊण तास गाडी हाकत येते आणि आपण तिला बनवतोय. आज क्लिप बसवायची, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मग खडखड थांबेल. मग बाईंना इथे येण्याचं काही कारणही उरणार नाही.

“आज कॉफी आणलीय,” बाकावर बसत बाई म्हणाल्या. पिशवीतून थर्मास निघाला, मागोमाग दोन पेले. “तुमचा तो चहावाला नुसतं गरम पाणी पाजतो.”

आजच आणायची होती का कॉफी, नाजूकरावांच्या मनात आलं.

खडखड ऐकायला गाडी चालवून बघायची त्यांना गरज नव्हती. खडखडीचं कारण त्यांच्या खिशात होतं. बॅटरीची वायर काढण्याआधी त्यांची नजर स्टिरिओवरच्या घड्याळाकडे गेली. बारा मिनिटं मागे. मागच्या खेपेला वायर परत जोडल्यावर त्यांनी स्वतः बिनचूक लावून दिलं होतं.

“बॅटरी उतरली होती का मध्ये?”

“नाही. सर्व्हिसिंगला दिली होती गाडी. घराजवळ ते मोठं गॅरेज आहे ना, तिथे.”

“मग हा आवाज त्यांना दाखवायचा. इतक्या लांब कशाला आलात?”

बाई पेल्यात कॉफी ओतत होत्या. “तुमचं काम तुम्हालाच माहीत,” त्या म्हणाल्या.

नाजूकरावांनी मान खाली घातली. बाईंना आपलं काम किती माहीत आहे, या विचाराने त्यांचे कान तापले.

त्यांनी वायर काढली, फडक्यात गुंडाळलेली पट्टी कोपऱ्यात सरकवली. टक्. दुसरी टक्. तिसरी, चौथी. हात सावकाश चालत होता, हे शेवटचं काम लांबेल तितकं लांबवत. पाचवी टक् झाली. आता फ्रेम हातात यायला हवी होती.

ती आली नाही.

त्यांनी पट्टी आणखी पुढे, उजव्या कोपऱ्यापर्यंत नेली. टक्.

नाजूकरावांनी फ्रेम उलटी करून उजेडात धरली. पाच काळ्या क्लिपा. आणि चार महिने त्यांनी जी जागा रिकामी ठेवली होती, तिथे घट्ट बसलेली सहावी, पांढरीशुभ्र, त्यांच्या डब्यात कधीही नसलेली.

“फारच खडखडतं हो,” त्यांच्यापुढे पेला धरत बाई म्हणाल्या. “कालपासून तर जास्तच.”