ठिपक्यांच्या आड

"पुन्हा चुकीचा," तेजल म्हणाली आणि वहीतल्या सातव्या ओळीसमोर तिने फुली मारली.

भिकनराव पलंगावर उशीला टेकून बसले होते. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. "कसा चुकेल? तू नीट टाक. चांदवडची लता. सलग, मध्ये जागा सोडायची नाही."

"मुलीसमोर काय बोलता हो," दारात उभ्या असलेल्या लताबाई म्हणाल्या. एरवी त्या लाजल्या असत्या. आज मात्र त्या काळजीत होत्या.

परवा द्वारका चौकात भिकनरावांची स्कूटर घसरली. हात मोडला आणि डोकं दुभाजकावर आपटलं. स्कॅन ठीक आला, तरी डॉक्टरांनी बजावलं होतं: लक्ष ठेवा, काही विसरायला लागले तर तडक घेऊन या. आज कॉलनीच्या वाचनालयाचा अर्ज छापायचा म्हणून भिकनरावांनी तेजलला आपला कॉम्प्युटर लावायला सांगितला. आणि गेली चार वर्षं रोज टाकलेला पासवर्डच चुकू लागला.

तेजल फिजिक्समध्ये एम.एस्सी. झालेली. तिने दर वेळी एकच गोष्ट बदलून पाहिली. पहिलं अक्षर मोठं. मग सगळी लहान. 'लता'च्या शेवटी एक इंग्रजी ए, मग दोन. प्रत्येक प्रयत्नाची नोंद वहीत होती आणि प्रत्येक नोंदीसमोर फुली.

"पप्पा, दुसरा एखादा असेल का? जुना?"

"अगं, मला वेड लागलंय का?"

"आज वार कोणता?" लताबाईंनी मध्येच विचारलं.

"रविवार. आणि सकाळपासून चौथ्यांदा विचारतेयस. डोकं नक्की कुणाचं आपटलंय, माझं की तुझं?"

कुणी हसलं नाही. लताबाईंनी पिशवीत टॉवेल घातला, दवाखान्याची फाइल घातली. "तेजल, रिक्षा बोलव."

भिकनराव स्वतःशीच तो शब्द पुटपुटू लागले, जणू आपलंच काही चुकतंय का ते तपासत होते. तेजलने त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

तिने मोबाइल उचलला, आणि तिची नजर चादरीवर गेली. पुटपुटताना पप्पांची बोटं हलत होती. दोन्ही हातांची. प्लास्टरमधून बाहेर आलेली, सुजलेलीसुद्धा. ते दुसऱ्यांदा पुटपुटले, तेव्हा तीच बोटं, त्याच क्रमाने. तिसऱ्यांदाही तीच. तिने वहीकडे पाहिलं. सात ओळींत सात वेगवेगळे शब्द तिने लिहिले होते. पप्पांनी एकदाही काही बदललं नव्हतं.

चांदवडच्या तहसील कचेरीत एकतीस वर्षं मराठी टाइपरायटर बडवलेला माणूस होता तो.

"पप्पा, शब्द सांगू नका. बोट सांगा."

"म्हणजे?"

"डोळे मिटा. कुठलं बोट, कुठली ओळ. तेवढंच."

भिकनरावांनी डोळे मिटले. "डावी करंगळी, खालची ओळ. उजव्या हाताचं मधलं, वरची. आता शिफ्ट धर..." आवाज कचेरीतल्यासारखा ठणठणीत झाला. तेजल एकेक बटण दाबत गेली. चौकटीत ठिपके वाढत गेले. एंटर.

कॉम्प्युटर उघडला.

"मम्मी, ते काही विसरलेले नाहीत!" तेजल ओरडलीच. "त्या चौकटीत कीबोर्ड इंग्रजीत असतो. पप्पा मात्र रोज तिथे मराठी टायपिंगची बोटं चालवत होते. दिसतात नुसते ठिपके, मग कळणार कुणाला? चार वर्षं कॉम्प्युटर त्यांचं भलतंच काहीतरी बरोबर धरत होता!"

लताबाई पिशवी मांडीवर घेऊन तिथेच खाली बसल्या. हसताना त्यांचे डोळे वाहत होते. "म्हणजे माझं नाव बोटांवर आहे तर."

"एकतीस वर्षांची सवय," भिकनराव ऐटीत म्हणाले. "डोकं गेलं तरी ते जायचं नाही."

तेजलने कॉम्प्युटर पुन्हा बंद करून चालू केला. तोच पासवर्ड टाकला आणि एंटरऐवजी शेजारच्या डोळ्याच्या चिन्हावर क्लिक केलं. ठिपक्यांच्या जागी इंग्रजी अक्षरांची वेडीवाकडी रांग उभी राहिली, मध्येच एक अर्धविराम. तिने स्क्रीन पलंगाकडे वळवली.

भिकनरावांनी डाव्या हाताने चष्मा लावला. ओठ हलवत ती रांग दोनदा वाचायचा प्रयत्न केला.

"छे!" ते म्हणाले. "असला पासवर्ड मी जन्मात पाहिला नाही."