ढेकूळ

"वीज कडाडायला लागली आणि जवळपास घर नसेल, तर एकमेकांना बिलगू नका. लांब लांब उकिडवं बसा. एकावर पडली तर निदान दुसरा वाचतो." हवामानतज्ज्ञ सुवर्णा मॅडम नांदगावकडच्या त्या वस्तीवर सांगत होत्या. अलीकडे तिथं परतीच्या पावसात विजा फार पडू लागल्या होत्या.

साळूबाईंनी नातीला, वेदिकाला, पदराखाली ओढलं. "आभाळ गरजल्यावर लेकराला पोटाशी धरायचं का लांब लोटायचं? काय पण शिकवता बाई!"

बाया हसल्या.

आठ दिवसांनी आजी-नात नांगरलेल्या रानात असताना आभाळ एकदम काळं झालं. वस्ती लांब होती. पहिल्याच कडकडाटाला वेदिका रडत आजीकडे धावली. साळूबाईंनी वाकून ढेकूळ उचललं आणि तिच्यावर भिरकावलं.

"येऊ नको! तिथंच बस!"

"आजी, मला भ्या वाटतंय!"

दुसरं ढेकूळ तिच्या पायाशी फुटलं. "एक पाऊल पुढं टाकलंस तर तंगडं मोडीन! बस खाली, कान झाक!"

वेदिका हुंदके देत बसली. साळूबाई तिसरं ढेकूळ घेऊन उभ्याच होत्या. मग सगळं रान पांढरंफटक झालं.

वस्तीवरची माणसं धावत आली, तेव्हा साळूबाईंच्या मुठीतलं ढेकूळ पावसात विरघळत होतं. लांबवर वेदिका अजून कान झाकून उकिडवी बसली होती.

"आजी, मी हालले नाय," ती ओरडून सांगत होती. "आता येऊ का?"