रक्त आलं नाही

दाढ निघाली आणि रक्त आलं ते अगदी नावापुरतं. डॉक्टर सुरुचींनी कापसाचा बोळा जागेवर दाबला. "झालं, काका. एकदम बढिया!" नीळकंठरावांनी खुर्चीतूनच अंगठा वर केला. कोपऱ्यात स्टुलावर बसलेल्या सुमित्राबाईंचा जीव भांड्यात पडला.

त्यांच्या डोळ्यांपुढे शेजारचे यशवंतराव होते. गेल्या दिवाळीत त्यांची दाढ काढली, तर दिवसभर रक्त थांबेना. उशीचा अभ्रा लालभडक. "त्या रक्त पातळ करायच्या गोळीनंच केलं हे सगळं," त्यांच्या बायकोनं, रत्नप्रभावहिनींनी नंतर बजावलं होतं, "भाऊजींनाही तीच आहे ना? आधीच सावध व्हा." खरं तर दोन टाके घातले आणि दुसऱ्या दिवशी यशवंतराव ओट्यावर पेपर वाचत बसले होते. पण ते कोण लक्षात ठेवतो! सुमित्राबाईंच्या डोक्यात बसला तो अभ्रा.

नीळकंठरावांच्या हृदयाचे ठोके चुकायचे. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून तीन वर्षांपासून ती गोळी होती. एक दिवसही चुकवायची नाही, असं हृदयाच्या डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं. दाढ काढायची तारीख ठरली आणि सुमित्राबाईंनी ती सहा दिवस आधीच बंद करून टाकली. नवऱ्याला पत्ताच नाही. कारखान्यात पस्तीस वर्षं मशीनच्या आवाजावरून बिघाड सांगणारा हा माणूस, पण सकाळी बायकोनं तळहातावर ठेवलेल्या गोळ्या न बघता तोंडात टाकायचा. एवढा भरवसा! पोरं लांब, सोनागिरीच्या त्या घरात ही दोघंच. या माणसाला काही झालं तर आपलं कोण, ही एकच भीती त्यांना आठवडाभर खात होती.

आणि डॉक्टर सुरुचींनी विचारलं नव्हतं असंही नाही. नीळकंठराव एक्स-रेसाठी आत गेले होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "काकू, रक्त पातळ करायची काही गोळी?" सुमित्राबाई पटकन बोलून गेल्या, "होती. हृदयाच्या डॉक्टरांनीच बंद केली." उगाच चार प्रश्न कशाला वाढवा?

आता डॉक्टर सावकाश सगळं समजावत होत्या. बोळा अर्धा तास दाबून धरायचा. आज चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही. गार आणि मऊ खायचं. "तोंड दोन-तीन तास बधिर राहील. ओठ वाकडा वाटेल, लाळ गळेल, बोलणं बोबडं होईल. घाबरून जायचं नाही, आपोआप उतरतं." सुमित्राबाईंनी शब्द न् शब्द लक्षात ठेवला.

घरी पोचले तेव्हा बारा वाजले होते. अर्ध्या तासानं बोळा काढला, तर जेमतेम गुलाबी. "बघा, एक थेंब नाही!" सुमित्राबाई म्हणाल्या. गुपित अगदी ओठांवर आलं होतं, पण उद्या सांगू म्हणून त्यांनी गिळलं. नीळकंठराव बोबडं हसले, दोन चमचे आइस्क्रीम खाऊन आडवे झाले.

दोनच्या सुमाराला ते उठून बसले. तोंड चांगलंच वाकडं झालं होतं. हनुवटीवर लाळ. काहीतरी सांगत होते, पण शब्दाला शब्द लागत नव्हता. रत्नप्रभावहिनी विचारपूस करायला आल्या होत्या, त्यांना हसू आवरेना. "भाऊजी, तोंड कुणीकडे निघालं?" सुमित्राबाईही हसल्या. किती दिवसांनी त्या अशा मोकळ्या हसल्या होत्या! मग पदरानं त्यांनी नवऱ्याची हनुवटी पुसली. "बोलू नका हो. डॉक्टर म्हणाल्यात, आपोआप उतरेल."

नीळकंठरावांनी उजव्या हातानं डावा हात उचलून दाखवला. सोडला, तर तो गादीवर पडला.

"अंगाखाली आला असेल. मुंग्या आल्यात, जातील," सुमित्राबाई म्हणाल्या. त्यांनी तो हात मांडीवर घेतला आणि चोळत बसल्या. तीन वाजले. चार वाजले. नीळकंठराव त्यांच्याकडे एकटक बघत होते. डोळ्यांत पाणी होतं. दुखत असेल बिचाऱ्यांना, असं त्यांना वाटलं आणि त्या आणखी मायेनं हात चोळू लागल्या.

पाच वाजता मात्र त्यांचा धीर सुटला आणि धीर सुटला की सुमित्राबाईंना राग यायचा. त्यांनी दवाखान्यात फोन लावला. "डॉक्टर, तुम्ही दोन-तीन तास म्हणाला होतात. पाच वाजले! तोंड अजून वाकडंच आहे. एक शब्द नीट नाही. इंजेक्शन जास्त झालं वाटतं तुमचं, हातसुद्धा बधिर करून ठेवलात त्यांचा."



"काकू, मी इंजेक्शन फक्त जबड्यात दिलं होतं," डॉक्टर सुरुची म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम बदलला होता. "ताबडतोब अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा, एक मिनिट घालवू नका. आणि हॉस्पिटलमध्ये पहिलं हेच विचारतील, ती गोळी कोणत्या डॉक्टरांनी बंद केली?"

"मी," सुमित्राबाई म्हणाल्या. "रक्त येऊ नये म्हणून."