कोपऱ्यापर्यंत
फिनलंडला शिकणारी चिनात्सु आठवड्याच्या सुट्टीत टोकियो, ओसाका करून शेवटच्या रात्री कानाझावाला मावशीकडे उतरली. “मला परत जायचं नाही,” एवढंच सांगायचं होतं. पण अर्धी आळी ‘परदेशातली पोर’ बघायला लोटली आणि ते सांगायचं राहूनच गेलं. सकाळी मावशी काठी टेकत फाटकाशी आली. पाहुणा दिसेनासा होईपर्यंत हलायचं नाही, ही रीत. चिनात्सु वळून पाही, मावशी हात हलवी. “चालू लाग, भवाने! गुडघा बोंबलतोय माझा!” “आत जा ना, मावशी!” “कोपरा ओलांडलास की जाते!” सांगावं तर आत्ताच. पण मावशी सगळा भार काठीवर टाकून उभी होती. चिनात्सु हसली, वळली आणि कोपरा ओलांडून भिंतीआड थांबली. बराच वेळ मावशीचं दार सरकल्याचा आवाज आला नाही. मग मावशी शेजारणीला सांगताना ऐकू आली, “ओकुदाबाई, हसत गेली हो! वाघीण आहे!” चिनात्सु चाकांची बॅग उचलूनच चालू लागली; चाकं वाजली असती, तर ती अजून तिथंच असल्याचं मावशीला कळलं असतं.